ओवी आणि शांत कोपरा

आम्हा अंगणवाडीच्या बायकांना किस्से साठवावे लागत नाहीत, ते आपोआप साठतात. बारामतीला मीटिंगला जमलो की चहा यायच्या आत दोन-तीन सांगून होतात आणि सगळ्या पोट धरून हसतात. मीही हसते. सणसरला परत येताना एसटीत मात्र हसू येत नाही, कारण माझे बहुतेक किस्से ओवीचे आहेत.

ओवी चार वर्षांची. पहिल्याच दिवशी ती तीन पोरांना चावली, आणि सोडवायला गेले म्हणून मलाही! तिच्या आजोबांना बोलावलं. आबा माझ्या मनगटावरचे वळ बघत राहिले. म्हणाले, "आवो बाई, घरी तर कोंबडीला भिती ती!"

*

ट्रेनिंगला मॅडम म्हणाल्या, "मूल वाईट नसतं. त्याला काहीतरी सांगायचं असतं."

मी हात वर केला. "मॅडम, दातांनी सांगत असेल तर?"

हॉल खदखदून हसला. मॅडमनी शांतपणे उपाय सांगितला: वर्गात एक 'शांत कोपरा' करा. सतरंजी, उशी, बाहुली. राग आला की मुलानं तिथं बसायचं, शांत झालं की आपण होऊन परत सगळ्या पोरांच्या गोलात यायचं. शिक्षा नाही, ओरडा नाही.

मी सगळं केलं. मदतनीस शालनमावशींनी घरची उशी आणली. पोरांना नियम रोज म्हणून दाखवला. ओवी काही तिकडं फिरकली नाही. सार्थक मात्र चौथ्या दिवशी माझा पदर ओढत आला, "बाई, मला बाहुलीपाशी बसायचंय. कुणाला चावू?"

*

मग स्टार. ज्या दिवशी ओवी चावणार नाही, त्या दिवशी तिच्या हातावर एक स्टिकर. पहिला स्टार लागला आणि दुसऱ्या दिवशी सार्थकची आई दारात उभी. "आमचं पोरगं जन्मात कुणाला चावलं न्हाय, त्याला स्टार न्हाय! ह्यो कुठला न्याय?"

दिले सगळ्यांना स्टार. ओवीनं तिचा काढून भिंतीला चिकटवला आणि तपासणीला आलेल्या सुपरवायझर मॅडमना चावली. मॅडमनी हाताला हळद लावून घेतली आणि दुसऱ्या हातानं शेरा लिहिला, "मुलांशी संवाद वाढवावा."

*

खरं कारण शोधलं ते शालनमावशींनी. "बाई, ध्यान दिलंत का? जी पोरं आयचं बोट धरून येत्यात, त्यांनाच चावती ती."

बरोबर होतं. ओवीची आई एमआयडीसीत कामाला. ओवी उठायच्या आत कंपनीची गाडी आईला घेऊन जाते.

कळलं, पण कळून मी काय करू? तिच्या आईची शिफ्ट माझ्या हातात नाही. शेवटी बाकीच्या आयांना विनंती केली की जरा फाटकापासूनच परत जा. झालं! दुसऱ्या दिवशी सगळ्या एकदम आल्या. "एकीपायी आमी आमच्या पोरांचं बोट सोडायचं व्हय? ती हितं ऱ्हायली तर आमची पोरं नर्सरीच्या गाडीत बसत्यात, बघा!"

मी आठ दिवस मागून घेतले. त्या आठवड्यात मला नोकरी सोडून द्यावीशी वाटत होती.

*

सातव्या दिवशी सार्थकच्या कानाला दात लागले. आठव्या दिवशी आबा स्वतःच आले. टोपी हातात, मान खाली. "बाई, तुमाला तरास नगं. नाव काढा तिचं. नेतो घरी."

मी नाही म्हणायला हवं होतं. दारात सार्थकची आई उभी होती. मी हजेरीपट उघडला आणि ओवीच्या नावावर रेघ मारली.

आबांनी खुंटीवरचं तिचं दप्तर काढलं. ओवीनं दप्तराकडं बघितलं, मग माझ्याकडं. आणि ज्या कोपऱ्यात तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथं जाऊन सतरंजीवर मांडी घालून बसली. बाहुली मांडीवर घेतली, डोळे घट्ट मिटले.

जरा वेळानं ती उठली आणि माझ्यापुढं येऊन उभी राहिली. माझ्या हातात पेन तसंच होतं.

"बाई, मी शांत झाले. आता मला गोलात घ्या."