आयकू नाई आलं

आमच्या पीटी मिसच्या गळ्यात कायम एक स्टीलची शिट्टी असायची आणि ती वाजलेली मी एकदाही ऐकली नाही. मुली मैदानभर पांगल्या की मिस मधोमध उभ्या राहायच्या आणि एकेकीला नावाने हाक मारून गोळा करायच्या. साठ-सत्तर मुली, पण नाव कधी चुकत नसे. वर्गातल्या प्राचीने एकदा त्यांना विचारलं, शिट्टी आहे तर वाजवत का नाही?

"शिट्टी ट्राफिकवाल्याची व बाप्पा. मंग मायबापानं तुमचे नावं कायले ठेवले?"

"मग गळ्यात का घालता?"

"हेड सिस्टरनं घातली. आता काढता येते का? मंगळसूत्रच झालं ते."

मिसचं लग्न झालेलं नव्हतं, हे आम्हाला माहीत होतं. त्यामुळे आम्ही दिवसभर हसत होतो.

पुलगावची आमची कॉन्व्हेंट शाळा चौथीपर्यंतची होती. गणित, इंग्रजी, विज्ञान वर्गशिक्षिका शिकवत. चित्रकला, संगीत, कॉम्प्युटर आणि पीटी हे 'स्पेशल' विषय. त्यांचे शिक्षक वेगळे आणि ते वर्गात येत नसत, आम्हीच ओळ करून त्यांच्याकडे जायचो. संगीताच्या सिस्टर केरळच्या होत्या आणि कीबोर्डवर भजनही प्रार्थनेसारखं संथ वाजवायच्या. चित्रकलेचे सर सगळ्यांच्या डोंगरामागे स्वतःच सूर्य काढून द्यायचे. पीटी मिस मूळच्या अल्लीपूरच्या. स्टेशनच्या मागे खोली करून राहायच्या. सलवार-कमीज, कमरेला घट्ट बांधलेली ओढणी आणि पायात पुरुषी मापाचे पांढरे बूट. त्या दुरून येताना आधी बूट दिसायचे.

फाटकाच्या आत इंग्रजीतच बोलायचं, असा शाळेचा नियम होता. मिसचं इंग्रजी 'रन', 'सिट' आणि 'व्हेरी गुड'पाशी संपायचं. बाकी सगळं वऱ्हाडीत. एकदा मुख्याध्यापिका सिस्टर मैदानावर आल्या आणि मिसना म्हणाल्या, मुलींशी इंग्रजी बोलायचा प्रयत्न करा. मिसने मान हलवली आणि अगदी मनापासून विचारलं, "सिस्टर, खो ले इंग्रजीत काय म्हणतेत?"

सिस्टर विचार करू लागल्या. आम्ही आठजणी रांगेत बसलेल्या, नववी खांबापाशी उभी, सगळ्या उत्तराची वाट पाहत. शेवटी सिस्टर हसल्या आणि म्हणाल्या, "खो इज खो." त्या दिवसापासून मैदानावर मराठी चालू लागली, आणि पीटी मिसच्या खो मिस झाल्या.

मी त्या काळात बोलत नसे. बोलता येत नव्हतं असं नाही. घरी बोलायची, मनात तर खूपच बोलायची, पण शाळेत ओठांपाशी येऊन शब्द परत जायचे. हजेरीला माझं 'प्रेझेंट' शेजारच्या मुलीला ऐकू जायचं आणि तीच माझ्यासाठी पुन्हा म्हणायची. शिक्षिकांना याची सवय झाली होती. प्रश्न विचारताना त्यांची नजर माझ्यापर्यंत यायची आणि पुढच्या बाकावर जायची. कुणी रागावत नसे. आईला एवढंच सांगत, मुलगी शांत आहे. मला हे सोयीचं होतं आणि आतून वाईटही वाटायचं.

खो मिसकडे ही सोय नव्हती. मी काही पुटपुटले की त्या मान एका बाजूला कलती करून, पक्ष्यासारखं, माझ्याकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "आयकू नाई आलं." मी पुन्हा पुटपुटायची. त्या एक पाऊल जवळ यायच्या, कधी माझ्याभोवती वळसा घेऊन दुसऱ्या बाजूला यायच्या. "आयकू नाई आलं, रुतुजा. मोठ्यानं म्हण." आवाजात राग नाही, चेष्टा नाही. उत्तर मिळेपर्यंत त्या हलायच्या नाहीत. मागे सगळा वर्ग थांबलेला असायचा. पाणी प्यायला जाऊ का, एवढं विचारण्यापेक्षा मी कितीदा तहानलेली राहिले.

पण मी पळायची चांगली. चौथीत मिसने खो-खोचा संघ बांधला. शाळेचा पहिलाच. जिल्हा परिषदेच्या शाळेशी त्यांच्याच मैदानावर सामना ठरला आणि मिसने मला संघात घेतलं. अडचण लगेच समोर आली. खो-खोत बसलेल्या मैत्रिणीच्या पाठीला मागून हात लावायचा आणि त्याच क्षणी 'खो' म्हणायचं. ते पंचांना ऐकू आलं नाही तर फाउल. मी विजेसारखी जायची, हात लावायची, आणि बसलेली मुलगी उठायचीच नाही. तिला कळायचंच नाही की खो मिळाला. समोरची पळणारी तोवर मैदानाच्या दुसऱ्या टोकाला.

"मिस, हिच्यामुळे आपण हरू," मुली म्हणाल्या. "प्राचीला घ्या. ती हळू पळते, पण ओरडते तरी."

मिसने ऐकून घेतलं. मला बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "सामन्यापर्यंत टाइम हाये तुले. खो आयकू आला तं तू, नाई तं प्राची. मी लबाडी करनार नाई."

मला पहिल्यांदाच काहीतरी इतकं हवं होतं.

शाळेच्या भिंतीपलीकडून रेल्वेलाइन जाते. मिसने युक्ती काढली. "मालगाडी येते ना, तवा म्हनजो. कोनाले आयकू जाते? लाजाचं कामच नाई." मग मालगाडीची वाट बघत आम्ही दोघी भिंतीपाशी उभ्या राहायचो. गाडी आली की मी खो म्हणायची, डबे संपेपर्यंत. मिस मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन कानामागे हात धरून उभ्या राहायच्या आणि मान हलवायच्या. नाई आलं. मला वाटायचं, एवढ्या खडखडाटात देवालाही ऐकू येणार नाही, मिसना कुठून येईल? पण त्या आवाजाखाली मी मोठमोठ्याने ओरडायला शिकले. सामन्याच्या आदल्या दिवशी गाडी निघून गेली तरी माझा एक खो मागे उरला. भिंतीवरचा कावळा उडाला. तो उडालेला पाहून मिसने दुरूनच दोन्ही हात वर केले.

सामन्याला समोरच्या शाळेच्या मुली अनवाणी होत्या आणि वाऱ्यासारख्या पळत होत्या. बाहेर बसलेली पोरं ओरडत होती, "अबे, कान्व्हेंटवाल्या हायेत, मम्मी मम्मी करून रडतीन." आम्ही रडलो नाही. शेवटच्या डावात त्यांची एकच मुलगी बाद करायची राहिली होती, तेवढी झाली की बरोबरी. पाठलाग माझ्याकडे आला. ती खांबाकडून वळून माझ्या डाव्या हाताला निसटली. आता खो द्यायलाच हवा होता. माझ्यापुढे प्राची बसलेली होती, कारण मिसने शेवटी दुसऱ्या एकीच्या जागी तिलाही संघात घेतलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि ओरडले.

असा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. प्राची उठली. आणि तिच्या पुढच्या चौकोनात बसलेली मुलगीही, आपल्यालाच खो मिळाला असं वाटून, दचकून उठली. दोघी एकदम धावल्या आणि एकमेकींवर आदळल्या. पंचांनी फाउल दिला. ती अनवाणी मुलगी पार खांबापाशी उभी राहून हसत होती. वेळ संपला. आम्ही हरलो.

मी मिसकडे बघायला घाबरत होते. बघितलं तर त्या मैदानाच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या आणि पोट धरून हसत होत्या. हसता हसता डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं, ओढणीने पुसलं तरी थांबत नव्हतं. मुख्याध्यापिका सिस्टर काळजीने जवळ गेल्या, काय झालं म्हणून.

"सिस्टर, आयकू आलं," मिस म्हणाल्या. "मले आयकू आलं!"

हरलेल्या संघाची एवढी आनंदी शिक्षिका त्या मैदानाने पाहिली नसेल. परतताना बसमध्ये सगळ्या मुली मला खो म्हणायला लावत होत्या आणि मी म्हणत होते.

पुढच्या वर्षी मी मोठ्या शाळेत गेले. कॉन्व्हेंटमध्ये पीटीला नवे सर आले आणि मिस कारंज्याला मुलींच्या वसतिगृहाच्या शाळेत गेल्या, असं कळलं. मी आता नागपूरला एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करते. स्वभाव फारसा बदललेला नाही. लग्नकार्यात अजूनही कोपरा शोधते. पण कोर्टात उभी राहिले की शेवटच्या बाकापर्यंत आवाज जातो. कुणी कौतुक केलं की मी सांगते, मी खो मिसची विद्यार्थिनी आहे. ऐकणाऱ्याला काही कळत नाही. मला बरं वाटतं.

गेल्या हिवाळ्यात अमरावतीला एका तारखेला जायचं होतं. प्राचीकडून मिसचा नंबर मिळवला आणि परतताना वाटेत कारंज्याला उतरले. हायवेवरच्या ढाब्यावर मिस वाट बघत होत्या. केस पिकलेले, बूट तसेच, शिट्टी तशीच. उजव्या कानात ऐकण्याचं यंत्र. चहा येताच त्यांनी ते काढून पर्समध्ये टाकलं. "ट्रकच्या हॉर्ननं मेंदू हालते." मग मान तशीच कलती केली, पक्ष्यासारखी. "बोल आता. मोठ्यानं."

माझ्या मनात काहीतरी सरकलं. मी विचारलं, "मिस, हे कधीपासून?"

"डावा तं लहानपनीच गेलता. गोवरात. उजव्यावर भागवलं सारं."

"शाळेत माहीत होतं?"

"कोनाले सांगू? बहिरी मास्तरीन कोन ठेवते व? शिट्टी वाजवली का त्या चांगल्या कानातबी घंटाभर नुसतं घुंईं."

"म्हणजे तुम्ही आयकू नाई आलं म्हणायच्या, ते..."

"खरंच नाई ये!" मिस म्हणाल्या. "बाकी पोट्ट्यायचं येत होतं. तुह्यंच नाई. तू तोंड हालवे अन् मले कायबी आयकू नाई ये. मी या बाजूनं येऊ, त्या बाजूनं येऊ. मले वाटे, गेला, हाबी कान गेला आपला. रात्री झोप नाई लागे. डॉक्टरकडे जायची हिंमत नोयती." त्यांनी कप खाली ठेवला. "त्या दिवशी तू खो म्हनली अन् मी म्हटलं, वाचली बाई. कान हाये. पोट्टीच हळू बोलते."

इतकी वर्षं मी समजत होते की एक शिक्षिका माझा आवाज शोधत होती. ती तर जीव मुठीत धरून स्वतःचा कान शोधत होती, आणि तरी मी उत्तर देईपर्यंत उभी राहत होती. माझ्या ओठांकडे कुणी तेवढं लक्ष देऊन कधी पाहिलं नव्हतं. मला त्यांचा पूर्वीपेक्षा जास्तच अभिमान वाटला. हे त्यांना सांगायला गेले आणि सवयीने पुटपुटले.

"आयकू नाई आलं," मिस म्हणाल्या, आणि आम्ही दोघी हसलो.

नागपूरची बस पलीकडच्या बाजूने मिळते. मी निरोप घेऊन रस्ता ओलांडला. वळून पाहिलं तर मिस बाकावर बसलेल्या, पाठ माझ्याकडे, शेजारी एक अनोळखी ट्रकवाला चहा पीत होता. यंत्र अजून त्यांच्या पर्समध्येच असणार. मी हाक मारली, "मिस!" मध्ये ट्रकांची रांग होती. त्या वळल्या नाहीत. बस येताना दिसत होती. मी पर्स खांद्यावर घट्ट केली, छातीत हवा भरली आणि त्या सगळ्या हॉर्नांच्या वरून ओरडले.

"खो!"

मिस ताडकन उठून उभ्या राहिल्या. आणि शेजारचा ट्रकवालाही.