उशीखालच्या कडक भाकऱ्या

सीमेवरच्या गोळीबारातून आलेल्या पोरांना मारामारी न करता भांडण कसं मिटवायचं ते शिकवायला सोलापूरला येतेस का, असं मैत्रिणीनं फोनवर विचारलं आणि मी लगेच हो म्हटलं. स्वतःच्या घरातलं भांडण मला मिटवता येत नाही, तो भाग वेगळा!

जाणार असाल तर पुण्याहून पहाटेची एसटी धरा, ऊन चढायच्या आत पोचता. मोडनिंबला चहा घ्या, लई गोड असतो. मैत्रिणीचं शिबिर एका शाळेत होतं. राहणं-जेवणं तिथंच, त्यामुळे खर्च काय तो तिकिटाचा.

पहिल्या दिवशी भांडण मिटवायच्या पायऱ्यांचा माझा तक्ता पोरांना वाटला, खेळही मस्त रंगले. म्हटलं, जमलं की!

दुसऱ्या दिवशी अकरा वर्षांच्या झोयाच्या उशीखाली कडक भाकऱ्यांची चवड सापडली. शेजारच्या कॉटवरची सिमरन तिला सगळ्यांदेखत चोर म्हणाली. मी आपली दोघींना समोरासमोर बसवून मन मोकळं करा म्हणाले. सिमरन भडाभडा बोलली. मग मी झोयाला विचारतच राहिले, तशी ती उठली आणि मैत्रिणीला म्हणाली, मला गावी परत पाठवा. तिच्या गावात अजून गोळे पडत होते. मी भांडण मिटवत होते की पोरीची उलटतपासणी घेत होते?

स्वयंपाकाच्या मंगलमावशी दारातून बघत होत्या.

"चोरी न्हाय ती, ताई. उद्याला न्हाय मिळाली तर, म्हणून ठेवतीया. आमी बी ठेवतोच की."

त्यांनी स्वच्छ फडक्यात भाकऱ्या बांधल्या आणि झोयाच्या कॉटवर, सगळ्यांना दिसेल असं गाठोडं ठेवलं. मावशींना हिंदी येत नव्हतं, म्हणून महिनाभर टिकतात, लपवायचं काय त्यात, असं खुणेनंच सांगितलं. मग सिमरननं आपल्या कॉटखालच्या बुटातून बिस्किटाचा पुडा काढला आणि त्याच गाठोड्यात खोचला.

झोया राहिली. माफी मात्र कुणीच मागितली नाही, आणि माझ्या तक्त्यात तर माफीशिवाय भांडण मिटतच नाही. मग हे काय झालं? मला अजून नीट कळलेलं नाही.

पुण्यात येऊन बॅग उपसली, तर तळाशी माझ्याच तक्त्याच्या कागदात गुंडाळलेली एक कडक भाकरी. माझ्याकडे बघून झोयाला कसली काळजी वाटली असेल?

नवरा म्हणाला, दे की, चटणीबरोबर खाऊ. मी नको म्हटलं आणि तो आत गेल्यावर ती कपाटात साड्यांखाली ठेवली.