कोलंबीवरचे अकरा लेख

चेन्नईजवळच्या एन्नोरच्या खाडीत कोलंबी पकडणाऱ्या एका बाई दोन वर्षं मला तपासणीसाठी थोडी कोलंबी देत होत्या. त्या कोलंबीत काय काय सापडलं, ते मी ब्लॉगवर अकरा लेखांत लिहिलं, तेही मराठीत. आमची घरची तंजावरी मराठी पुण्याच्या वाचकांना गोड वाटायची, आणि मी एकेका शाबासकीला परिच्छेदभर उत्तर देत बसायचो.

बायको म्हणाली होती, "अहो, त्या बाईंना कुठं मराठी वाचता येतं? तमिळमध्ये सांगून टाका की."

मी म्हटलं, "आधी निष्कर्ष पक्के होऊ देत."

गेल्या आठवड्यात बाईंनीच तमिळमध्ये विचारलं, "सार, माझ्या कोलंबीत निघालं तरी काय?"

जन्मभर तमिळ बोलणारा मी, चार शब्द जुळवताना अडखळलो. "शिसं आहे. लहान मुलांना देऊ नका."

त्या म्हणाल्या, "नात रोज खाते. तुम्हाला कधी कळलं, सार?"

पहिल्याच लेखात मी ते लिहिलं होतं. खाली कितीतरी जणांनी 'छान माहिती' म्हटलं होतं.

"हल्लीच," मी म्हणालो. त्यांनी ते खरं मानलं.