धोंडुबाईनं फिरवलेली अंडी

कोडोलीखालच्या ओढ्यातली काळी कासवं धोंडुबाईइतकी कुणी हाताळली नसतील. कोल्हापूरच्या कॉलेजात शिकवणारी तेजस्वी पाच वर्षांपूर्वी त्यांचा अभ्यास करायला आली, तेव्हा ओढ्याकाठीच घर असलेल्या धोंडुबाईला तिनं मदतीला घेतलं. जाळ्यात आलेलं कासव तोलायचं, पाठीच्या कडेला कानशीनं खूण करायची आणि पुन्हा पाण्यात सोडायचं. 'म्हातारी कासवांची हजेरी घेतीया' म्हणून गावानं हसून घेतलं. गावाला हसायला काहीतरी लागतंच.

पण गेली तीन वर्षं हजेरीला तीच ती तेवीस कासवं येत होती. सगळी जुनी, सगळी खुणेची. पिल्लू औषधालासुद्धा नाही. ही म्हातारी कासवं संपली की ओढा रिकामा, हे त्या दोघींनाच ठाऊक होतं. म्हणून यंदा काठाच्या मातीत सहा अंडी दिसली, तेव्हा धोंडुबाईनं शेजारणीच्या हातावर साखर ठेवली.

तिसऱ्याच दिवशी ओढा साफ करायला जेसीबी आला. धोंडुबाई आडवी उभी राहिली.

"आक्का, मला वरनं सांगितलंय. सरका बाजूला," ड्रायव्हर म्हणाला.

तिनं अंडी पदरात घेतली, घर गाठलं आणि तेजस्वीला फोन लावला. तेजस्वी परीक्षांच्या कामात पार अडकलेली. "ओलसर वाळूत ठेवा मावशी, ऊब द्या. मी येतेच," एवढंच ती घाईघाईनं बोलली.

ऊब देण्यात धोंडुबाईचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. खुडूक कोंबडी मुंगसानं नेली, तर तिची अंडी बल्बखाली ठेवून ही बाई पिल्लं काढायची. तेजस्वीला यायला तीन आठवडे लागले. तिनं वाळू हळूच बाजूला केली. प्रत्येक अंड्यावर कोळशाचा ठिपका होता.

"हे काय, मावशी?"

"खूण. रोज तीन येळा फिरवतो की मी. खुणंबिगर कुठलं फिरवलं ते कळत न्हाय."

मोबाईलचा उजेड धरून तेजस्वीनं सहाही अंडी पाहिली. एकातही जीव नव्हता. मग सांगावंच लागलं. कोंबडीचं अंडं फिरवावं लागतं. कासवाचं मात्र जसं घातलं तसंच राहू द्यायचं असतं, फिरवलं की आतलं पिल्लू मरतं.

"चूक माझी आहे. मी सांगायला हवं होतं," ती म्हणाली. ते खरंच होतं, पण आता त्याचा काही उपयोग नव्हता. काठ खरवडून गेला होता. पुन्हा अंडी घालायला कासवांना तिथं जागाच उरली नव्हती.

धोंडुबाईनं हातांना लागलेला कोळसा पदराला पुसला. तिला रडूही येईना.

"अंडी आणली त्याच्या दुसऱ्याच दिवशी लेकीची वास्तुशांत व्हती गडमुडशिंगीला, म्हैनाभर ऱ्हायाला बोलावलं व्हतं," ती म्हणाली. "फिरवायचं चुकंल म्हणून गेलो न्हाय. पोरगी अजून बोलत न्हाय माझ्यासंगं. गेलो असतो तर एखादं तरी जगलं असतं की."