खंडेनवमीला गेलेले आकडे

संगणकाच्या कर्नलमध्ये, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यात, फायलींच्या नोंदी हॅश टेबलात राहतात. ते पुष्कळ खणांचं कपाट समजा. कोणती नोंद कोणत्या खणात जाईल, हे एक सूत्र ठरवतं. ते सूत्र वाईट आहे, मोजक्या खणांतच गर्दी होते आणि शोध मंदावतो, असं माझं म्हणणं होतं. कर्नलवर काम करणारी आमची टीम म्हणाली, "चालत्या मशीनवरचे आठ दिवसांचे आकडे दे, नाहीतर विषय बंद."

म्हणून शेलूबाजारच्या घरातला जुना संगणक मोजणीला लावला. इन्व्हर्टरही त्यालाच जोडला. आठव्या दिवशी खंडेनवमी होती. मंगरूळपीरहून परतले, तर संगणकाला झेंडूचा हार, वर कुंकू, शेजारी विळा आणि शिलाई मशीन. स्क्रीन काळी.

"आई, हा कोनं बंद केला?"

"म्या. बटन दाबून धरलं तं झाला बंद," सासूबाई म्हणाल्या. "आज अवजार चालवत नसतात. हा तं आठ दिसापासून एकसारखा चालून राह्यला."

"अवो, माहे सारे आकडे गेले त्याच्यातले!"

"मंग कुठं लिहून काहून नाही ठेवले?"

डिस्कवर लिहिल्याने मोजणीतच ढवळाढवळ होईल, म्हणून मी सगळं मेमरीत ठेवलं होतं. बंद झालं की तिथलं सगळं जातं, हे मला त्यांच्यापेक्षा जास्त ठाऊक असायला हवं होतं.

टीमकडून चिडचिड ऐकून आणखी आठ दिवस मिळवले. दसऱ्याला मोजणी पुन्हा सुरू केली, दर तासाला आकडे डिस्कवर उतरतील अशी. हार तेवढा काढला. तो पंख्याची हवा अडवत होता.