तेवीस शिफारशी

समस्त सुज्ञ नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, परळच्या एका काचेच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, सकाळी ठीक अकरा वाजता, भरगच्च उपस्थितीत, माझी अब्रू काढण्याचा कार्यक्रम यथासांग पार पडला. पडद्याची आणि प्रोजेक्टरची व्यवस्था कंपनीतर्फे करण्यात आली होती. चहा-बिस्किटंही होती.

पडद्यावर माझा फोटो. दारापेक्षा मोठा. शेजारी कौस्तुभ उभा. आमच्या कंपनीच्या एचआरचा प्रमुख, वय पस्तीस, दातांची ठेवण जाहिरातीसारखी. विषय होता : व्यावसायिक ओळखींच्या साइटवरच्या प्रोफाइलचा पुरेपूर फायदा कसा घ्यावा. आणि कसा घेऊ नये, याचा नमुना मी.

कौस्तुभने चष्मा सारखा केला आणि वाचलं, "माझ्या घरातला पंखा यानेच लावला. अजून फिरतो. जय भीम."

हॉलमध्ये हशा पिकला. माणसं टेबलावर हात आपटून हसली. मी पण हसलो. हे लिहून ठेवतो, कारण हे विसरायला मला फार आवडलं असतं. मी पण हसलो.

आता हे वाक्य तिथे आलं कसं, ते ऐका. मी या इमारतीचा इलेक्ट्रिकल सुपरवायझर. पॅनल रूम, जनरेटर, चौदा मजल्यांचे दिवे, सगळं माझ्याकडे. माझे वडील गिरणीत नव्हते. परळचा माणूस म्हटलं की लोक आधी तेच विचारतात, म्हणून सांगून टाकतो. ते महापालिकेच्या सफाई खात्यात होते. मी रात्रशाळेत शिकलो, वायरमनची परीक्षा दिली आणि भोईवाड्यातल्या आमच्या चाळीच्या विहारात गेली बावीस वर्षं दर रविवारी पोरापोरींना वायरिंग शिकवतो. शिवाय जयंतीला माईक माझ्याकडे असतो. माईक हातात आला की मला सोडवत नाही. बायको म्हणते, यांना स्मशानात नेलं तरी आधी आभारप्रदर्शन करतील.

तर कंपनीने फर्मान काढलं, सगळ्यांनी त्या साइटवर खातं उघडा. टेक्निकल मॅनेजरची जागा निघणार होती, आणि साहेबलोक म्हणे प्रोफाइल बघूनच नाव ठरवणार होते. ती जागा मला हवी होती. फार हवी होती. माझ्या हाताखाली शिकून गेलेले दोघे दुसऱ्या इमारतींत मॅनेजर झाले होते आणि मी अजून पॅनल रूमच्या स्टुलावर.

साइट म्हणाली, ओळखीच्या लोकांकडून शिफारशी मागवा. बाकीच्यांनी काय केलं असेल? दोन साहेबांना गुपचूप निरोप पाठवला असेल. मी काय केलं? रविवारी विहारात वंदना झाली आणि मी माईक घेतला. "सर्व उपासक-उपासिकांना विनंती, की आपापल्या मोबाईलवर खातं उघडून बुधवारपर्यंत माझी शिफारस लिहावी."

आमच्याकडे माईकवरून सांगितलेलं काम होतं. वर्गणी असो, रक्तदान असो. बुधवारी रात्री तेवीस शिफारशी. सगळ्या आमच्या मंडळाच्या मानपत्राच्या थाटात. सुरुवात "आदरणीय", शेवट "जय भीम". एक नर्स, एक बेस्टचा कंडक्टर, एक वकील, माझ्याकडे फ्यूज बांधायला शिकलेल्या तिघी. आणि शकूमावशी. हॉस्पिटलातून आया म्हणून निवृत्त झालेली. तिने फोनला तोंडी सांगून लिहिलं. पंख्याचं वाक्य तिचं.

हॉल रिकामा झाल्यावर कौस्तुभने मला थांबवलं. तो सगळ्यांना सर म्हणतो. मला दादा.

"दादा, तुमचं नाव मी वर पाठवणार आहे. पण ते जय भीम वगैरे जरा काढा ना. पर्सनली मला काहीच प्रॉब्लेम नाही. क्लायंट बघतात. प्रोफाइल कसं, न्यूट्रल पाहिजे."

मी म्हणालो, "बरं सर."

त्या साइटवर शिफारस लपवायची सोय आहे. एक बटण. मी जनरेटरच्या खोलीत बसून तेवीस वेळा ते दाबलं. विहारातल्या वर्गाचा उल्लेख पण प्रोफाइलवरून काढला. मग पडद्यावर उरला एक स्वच्छ माणूस. कुठून आला माहीत नाही. कोणी शिकवलं माहीत नाही. मला तो ओळखता येईना.

तेव्हापासून हात गप्प बसेना. जेवताना फोन. दाढी करताना फोन. शिडीवर चढलेलो, हातात टेस्टर, आणि दुसऱ्या हातात फोन. कोणी बघितलं का प्रोफाइल? किती जणांनी? आमचा लिफ्टचा मेकॅनिक पेडणेकर, लालबागचा, मला खालून ओरडला, "मेल्या, शॉक लागून मरशील आणि प्रोफाइलवर लिहिशील, नवीन संधीच्या शोधात!"

तशाच एका तंद्रीत मी कौस्तुभचं प्रोफाइल उघडलं. पहिल्यांदाच. खाली लिहिलं होतं : ढोलताशा पथक, सात वर्षं. फोटो होता, कमरेला ढोल, डोक्याला फेटा, हातात भगवा. त्यापुढे : नेतृत्वगुण, संघभावना. त्याखाली त्याच्या ज्ञातीच्या मंडळाचा युवा पुरस्कार. लोकांनी शाबासक्या दिलेल्या.

मला ढोलाचा राग नाही. मला ढोल आवडतो. पण मी ऑफिसपासून भोईवाड्यापर्यंत चालत आलो तरी ते डोक्यातून जाईना. त्याचा ढोल न्यूट्रल. माझा पंखा नाही.

चाळीच्या तोंडाशी शकूमावशी उभी. हातात फोन.

"अरे, मी लिहिलेलं दिसत नाही तुझ्याकडे. माझा मोबाईल बिघडला काय?"

"साइटचा प्रॉब्लेम आहे मावशी."

"मग परत लिहिते. त्यात काय."

आणि लिहिलं तिने. जिना चढेपर्यंत फोन वाजला. 'साइट बिघडली होती म्हणून परत लिहिते. माझ्या घरातला पंखा यानेच लावला. माझ्या मुलीला पण काम यानेच शिकवलं, ती आता मेट्रोत आहे. पंखा अजून फिरतो. जय भीम.' खाली साइट विचारत होती, ही शिफारस स्वीकारायची का?

मी फोन खिशात घातला. तेव्हा कळलं की मी काय केलंय. कौस्तुभने चारचौघांत माझं हसं केलं होतं. पण मावशीला खोटं सांगणारा कौस्तुभ नव्हता. तिला तिच्याच फोनवर संशय घ्यायला लावणारा मी होतो. आणि वर्षानुवर्षं पोरांना सांगत होतो, अर्थिंग, म्हणजे जमिनीशी जोडणारी तार, कधी सोडू नका.

महिन्याने पुन्हा तोच हॉल. तोच प्रोजेक्टर. विषय : आधी आणि नंतर. 'आधी' म्हणून पंख्याच्या वाक्याभोवती लाल वर्तुळ. लोक हसले. 'नंतर' म्हणून कौस्तुभने साइटवर माझं आताचं प्रोफाइलच उघडलं. स्वच्छ. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

हसणं मी पचवलं होतं. टाळ्या पचेनात.

मग कौस्तुभने आयुष्यातली सर्वांत मोठी चूक केली. "दादा, या ना पुढे, दोन शब्द बोला," म्हणाला आणि माईक माझ्या हातात दिला.

माझ्या. हातात.

मी म्हणालो, "सन्माननीय व्यासपीठ, एक लहानसा खुलासा. मी इलेक्ट्रिकचा माणूस आहे. मी लावलेला पंखा अजून फिरतो, यापेक्षा मोठी शिफारस माझ्या धंद्यात नाही. ती तुम्हाला विनोद वाटली. कौस्तुभ सरांच्या प्रोफाइलवर ढोल आहे, ते नेतृत्व. ढोल राहू द्या. मला फक्त एवढंच सांगा, माझ्याच माणसांनी का लपायचं?"

मी दुसऱ्या हाताने फोन काढला. एक शिफारस उघडी केली. दुसरी. तिसरी. सगळे बघतायत आणि मी बटणं दाबतोय. तेवीस. एवढी लांब शांतता मी माईकवर कधी ठेवली नव्हती. शेवटी मावशीची नवी स्वीकारली. चोवीस.

"सर, पान रिफ्रेश करा."

कौस्तुभचा हात माउसवर. हलेना. हळू आवाजात म्हणाला, "दादा, तुमची फाइल वर गेलीये. आजच निर्णय आहे. विचार करा."

"विचार महिनाभर केला. फाइल परत आली तरी चालेल. मी स्टुलावर बसेन. पण यापुढे माझ्या एकाही माणसाला मी माझ्या हाताने झाकणार नाही. रिफ्रेश करा."

त्याचा हात तसाच. पडद्यावर तोच स्वच्छ माणूस. साठ माणसांची नजर माउसवर. आणि मागच्या रांगेतून, साहेब-बिहेब सगळं विसरून, पेडणेकर ओरडला :

"अरे, दाब ना रे ते बटण!"