ब्रेक न लावणारे सर

आमच्या शेजारचे सर यवतमाळच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतात. वळणावरच ते स्कूटर बंद करतात आणि घरंगळत बरोबर आपल्या फाटकापाशी थांबतात. ब्रेक कधीच लावत नाहीत.

"काहून जी सर?" मी एकदा विचारलं.

"गॅस दाबून धरणाऱ्या पिस्टनवरचं वजन चिमूट चिमूट काढलं, तर गॅस सगळ्यात जास्त काम देते. एकदम काढलं, तर नुसती उसळते अन् बरंचसं काम वाया जाते. ब्रेकचंही तसंच, एकदम दाबला की गाडीची सगळी धाव वाया जाते."

काल काकू, म्हणजे सरांच्या बायको, अंगणात चक्कर येऊन पडल्या. मी त्यांना उठवून बसवलं आणि सरांना फोन केला. स्कूटर सुसाट आली, फाटकाशी टायर किंचाळले आणि ती तशीच आडवी टाकून सर आत धावले.

काकू क्षीण हसल्या. "आज लय काम वाया घातलं जी तुम्ही."